रातोरात भरलेला खड्डा

१

सकाळी उठून मी आधी घराच्या जागेवर गेले. आदल्या संध्याकाळी तिथे खड्डा मारून ठेवला होता. गुरंढोरं पडू नयेत म्हणून त्यावर फळ्या टाकल्या होत्या, फळ्यांवर माडाच्या झावळ्यांचा झाप पसरला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून झापाच्या कोपऱ्यांवर मी स्वतः दगड ठेवले होते. ते दगड बाजूला केले, झाप उचलला, एक फळी सरकवली आणि आत डोकावले.

खड्डा वाळूने भरला होता.

काल खणणारे गडी आत उभे होते तेव्हा वरून त्यांची फक्त डोकी दिसत होती. आता वाळू त्यांच्या कमरेपर्यंत आली असती. ओली, काळपट वाळू, मध्ये मध्ये पांढऱ्या शिंपल्या.

"आईऽ!" मी ओरडले.

माझ्या सासूबाई, यशोदा, हातातली केरसुणी तशीच घेऊन धावत आल्या. त्यांनी खड्ड्यात पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग मान वळवून वरच्या उताराकडे. तिथे त्यांच्या थोरल्या दिरांचं, विठोबा आबांचं घर होतं.

"ह्या तेंचाच काम," त्या म्हणाल्या. "समुद्रावरची रेव हाडून ओतल्यानी. आपला घर होवक नको तेंका."

"आई, कोणी बघितलंय काय?"

"बघूक कशाक व्हया? मागल्या आयतवारी तुझ्यासमोरच बोललेले मा? 'थंय घर उभा रवाचा नाय.' जिभेर शापच आसा तेंच्या."

ते वाक्य मीही ऐकलं होतं. कुंपणापलीकडून, आमच्याकडे न बघता, आबा मोठ्याने म्हणाले होते आणि पाठ फिरवून निघून गेले होते.

त्याच दिवशी सकाळी घराच्या करारावर सही व्हायची होती.

२

ही एकोणीसशे अठ्ठावन्न सालची गोष्ट, दिवाळीनंतरची. तेव्हा आमचा देवगड तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि मिठबावात कौलारू घर म्हणजे कौतुकाची गोष्ट होती. आमचं घर मातीच्या भिंतींचं, झापांनी शाकारलेलं. पावसाळा संपला की सगळी वाडी एकमेकांची घरं शाकारायला जमायची. पुरुष वर चढायचे, आम्ही बायका खालून झाप द्यायचो आणि दुपारी सगळ्यांना पेज असायची. त्या ओल्या झापांचा वास आठवला की अजूनही माझा जीव हळवा होतो.

माझे यजमान, सत्यवान, मालवाहू बोटीवर नोकरीला होते. वर्षावर्षाने घरी यायचे. माझे सासरे काशीराम हेही बोटीवरच होते. त्यांनी खाडीकडच्या बाजूला एक सपाट जागा घेऊन ठेवली होती, तांबड्या मातीची, थोडे माड असलेली. मुंबईला कायमच्या गेलेल्या एका माणसाने ती विकली होती. घर बांधायच्या आधीच सासरे गेले आणि जागा सासूबाईंच्या नावावर झाली. यजमान बोटीवर जाताना मला म्हणाले होते, "आनंदी, मी परत येईन तेव्हा आईला पडवीत पाय सोडून बसलेली बघायची आहे."

म्हणून आम्ही दोघी बायकांनीच कंत्राटदार शोधला. गुरुदास जामसंड्याचे. पांढरी टोपी, गोड बोलणं, येताना खाज्याचा पुडा ठरलेला. त्यांनी बांधलेली घरं मी पाहिली होती. काम सुरेख होतं. करार लिहून आणला आणि सही होण्याआधीच जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या गाड्याही पाठवल्या. चिरे वरच्या रस्त्याकडेला, कातळावर रचून ठेवले होते. त्या लालभडक राशीकडे बघत सासूबाई रोज संध्याकाळी उभ्या राहायच्या.

करार मी वाचला. सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेली मी, अक्षरं सगळी वाचता आली. पण एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचूनही उमजेना. पाया ठराविक खोलीखाली न्यावा लागला तर त्याचा खर्च वेगळा, आणि तो वेळेवर न मिळाल्यास काम थांबवून जागेचा ताबा कंत्राटदाराकडे.

"आई, सही करूच्या आधी कोणाक तरी दाखवूया," मी म्हटलं.

"कोणाक?"

"भाई वकिलांका."

सासूबाईंना ते आवडलं नाही. "गुरुदासांका काय वाटात? इतक्या मायेन बोलतत." पण मी ऐकलं नाही. जामसंड्याला गेले.

भाईंचं खरं नाव हरिश्चंद्र, पण ते कोर्टातल्या पाटीवरच. पन्नाशी उलटलेली, अंगाने किडकिडीत, कोट कोपरावर विरलेला. बोलायचे मालवणीत, पण कागद हातात आला की भाषा बदलायची.

"'जागेचा ताबा कंत्राटदाराकडे राहील,'" त्यांनी मोठ्याने वाचलं आणि चष्मा कपाळावर नेला. "बाय, जमिनीत काय आसा ता बघितलास?"

"तांबडी माती आसा."

"वरसून. खाली?"

खाली काय आहे ते कोणी बघितलंच नव्हतं.

"हा करार वाईट नाही," ते कागदाच्या भाषेत म्हणाले. "जमीन घट्ट असेल तर या कलमाने तुमचं केसभर नुकसान होणार नाही. घट्ट नसेल तर घरही जाईल आणि जागाही. म्हणजे प्रश्न कागदाचा नाही, जमिनीचा आहे, आणि त्यातलं मला कळत नाही." ते उठले, शेजारच्या निवृत्त ओव्हरसियरांकडे गेले आणि थोड्या वेळाने परत आले. "ते म्हणतत, आधी खड्डो मारा. घट्ट लागासर खणा. मी परवा मुणग्याक जातलंय. वाटेत बघून जातंय. तवसर सही करू नको."

गुरुदासांना हे सांगताना मला धाकधूक होती. ते खो खो हसले.

"खणा मा! माका कसली भीती? माझीच माणसां देतंय. फक्त सकाळी नको, तेंका दुसरा काम आसा. दुपारनंतर खणूया."

दुपारनंतर खणलं. तांबडी माती निघत गेली, खड्ड्याशेजारी तिचा ढीग झाला. संध्याकाळी तळाला ओल लागली तेव्हा गुरुदास म्हणाले, "बास. बघितलात मा? घट्ट जमीन. सकाळी येतंय, सही करून टाकूया."

आणि सकाळी ही वाळू.

३

गुरुदास आले तेव्हा उन्हं नुकती माडांच्या शेंड्यांवर आली होती. खड्ड्यात डोकावून त्यांनी टोपी काढली.

"अरे देवा! कोणाच्या तरी पोटात दुखता, यशोदाबाय. इतकी रेव डोक्यार हाडूक जमाची नाय. गाडी व्हयी. आणि गाडी कोणाची, ता माका सांगूक नको."

वाडीत बैलगाडी एकच होती, दत्तारामाची. तो समुद्रावरून वाळू आणून विकायचा, आणि त्याची वाट आमच्या जागेतूनच होती. घर झालं की ती बंद होणार होती.

"आजच सही करा," गुरुदास म्हणाले. "मी माझो माणूस राखणीक ठेवतंय. उशीर केलात तर उद्या आणि काय तरी करतीत."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि घाबरलेलं माणूस कुठेही सही करतं. मी म्हटलं, "वकील येवंदेत. मगे बघूया."

गुरुदासांच्या चेहऱ्यावरचं हसू पुसट झालं, पण क्षणभरच. "येवंदेत," म्हणून ते झाडाखाली बसले.

मी तडक दत्तारामाकडे गेले. तो गोठ्यात बैलाच्या खुराला कसला तरी पाला बांधत होता.

"दत्तारामा, आमच्या खड्ड्यात रेव कोणी घातल्यान?"

"माका काय इचारतंस?" तो उसळला. "ह्या बघ. खुरात काटो मोडलो. चार दिस गाडी जुपूक नाय मी. वाट बंद होतली म्हणान माका राग आसा, खोटा कशाक सांगू? पण बायकांच्या घरात रेव ओतूचो नीचपणा माझ्याच्यान होवचो नाय."

बैल खरोखरच तीन पायांवर उभा होता. गाडीच्या चाकाला कोळ्याने जाळं केलं होतं.

परतताना माझं लक्ष वरच्या उताराकडे गेलं. विठोबा आबा त्यांच्या घरापुढच्या खळ्यात उभे राहून आमच्या जागेकडे एकटक बघत होते. मी बघितल्याचं दिसताच ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

४

भाई आले ते मुणग्याच्या वाटेवरून चालत, छत्री काखेत मारून. जागेवर पोचताच त्यांनी आधी वहाणा काढल्या आणि अनवाणी सगळी जागा फिरले. गुरुदासांशी नमस्कार झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग ते खड्ड्याच्या काठावर बसले.

"झाप कोणी काढल्यान?"

"मीच, सकाळी."

"दगड होते?"

"होते. मी ठेवलेले तसेच."

"फळयो?"

"त्याही तशाच."

भाई मातीच्या ढिगाकडे वळले. कालचा ढीग. त्यावर कुदळीच्या पात्याच्या खुणा अजून होत्या, आणि एका बाजूला कोंबडीची पावलं.

"ह्यातली माती कोणी काढूक नाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग वाकून त्यांनी खड्ड्यातली मूठभर वाळू काढली आणि तळहातावर पसरली. एक शिंपली उचलून माझ्या हातात दिली. "काय ही?"

"तिसरी."

"उघड."

तिसरी म्हणजे आमच्याकडे खातात ती दोन कवचांची शिंपली; हिची दोन्ही कवचं मिटलेली होती. नखाने उघडली तर आत घट्ट काळा चिखल भरलेला.

भाईंनी ती निरखून बाजूला ठेवली. "बाय, वाळू काढूक पाटी आत टाक, काम करूक गडी बोलावूया," एवढंच म्हणाले. मी पाटी वाळूवर टाकली. पण गड्यांना बोलावण्याआधी त्यांना सगळ्यांशी बोलायचं होतं. दत्तारामाशी ते बोलून आले, सासूबाईंशी बोलले. सासूबाईंनी आबांबद्दलचं सगळं मनातलं सांगितलं. वाटणीच्या वेळचं भांडण, दोघा भावांचं तुटलेलं बोलणं. सासऱ्यांच्या तिरडीला आबांनी खांदा दिला, पण दारात पाणी प्यायला थांबले नाहीत.

"आणि हो शाप पयल्यांदा कधी दिल्यानी?" भाईंनी विचारलं.

"जागा घेतली त्याच दिवशी. ह्येंच्या तोंडार."

दुपार झाली. गडी आले. त्यांच्यातला एक खड्ड्याशी जाऊन पाटीसाठी वाकला आणि तसाच थांबला.

"पाटी खंय आसा?"

मी धावत गेले. पाटी जिथे टाकली होती तिथे वाळूतून तिचा फक्त एक कान वर आला होता. आम्ही सगळे जागेवरच होतो. खड्ड्याजवळ कोणी गेलं नव्हतं.

सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. गडी मागे सरले. गुरुदास झाडाखालून उठलेच नाहीत.

भाईंनी मात्र समुद्राच्या दिशेने पाहिलं, मग खाडीकडे. "आज पुनव मा?" त्यांनी विचारलं. "आज खणूक नको. उद्या सकाळी सुकतीक, खाडीचा पाणी उतरल्यार, खड्डो रिकामो करा. सगळ्यांका बोलवा. गुरुदासानू, तुमीही येवा. आबांकाही बोलवतलंय."

"ते येवचे नाय," सासूबाई म्हणाल्या.

"येतीत. आनंदी, चल माझ्यावांगडा."

५

विठोबा आबा पडवीत सुंभ वळत बसले होते. सत्तरीचे, पण खांदे अजून सरळ. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी खांबाला टेकून उभी राहिले. लग्न होऊन आल्यापासून त्या पडवीत माझं ते पहिलंच पाऊल.

"रेव मी घालूक नाय," ते सुंभावरून नजर न काढता म्हणाले.

"माका ठावक आसा," भाई म्हणाले. "माका एकच इचारूचा आसा, आबानू. तुमी ल्हान असताना ही खाडी खंयसर येय?"

आबांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मी कोण, हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

"तुका कोणी सांगल्यान?" त्यांनी भाईंना विचारलं.

"कोणी नाय. तिसऱ्यांनी."

आबा हसले. त्यांचा चेहरा हुबेहूब माझ्या यजमानांसारखा झाला.

"उद्या येतंय," ते म्हणाले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी गड्यांनी वाळू उपसली. खड्डा पुन्हा परवाइतका खोल झाला. तळ ओला, पण घट्ट दिसत होता. गडी पाय आपटून म्हणाला, "ह्यार हत्ती उभो रवात."

आम्ही सगळे माडांखाली बसलो. सासूबाई, मी, दत्ताराम, गुरुदास आणि भाई. आबा कुंपणापलीकडेच उभे राहिले. काठी टेकून, आत न येता. वाडीतल्या बायकाही हळूहळू जमल्या. कोणी चणे आणले, कोणी पान. एखाद्या दशावताराला बसावं तशी मंडळी बसली होती.

काही घडत नव्हतं. उन्हं चढली, माडांच्या सावल्या आखूड झाल्या. खाडीत भरतीचं पाणी चढताना दिसू लागलं, खडक एकेक करून बुडाले. गुरुदासांनी दोनदा तोंड पुसलं. "वकिलानू, माका काम आसा," ते म्हणाले.

"वाईच थांबा."

तेवढ्यात दत्ताराम ओरडला, "बघा! बघा रे!"

खड्ड्याचा तळ चमकायला लागला होता. पाणी आलं असं म्हणावं तर पाणी दिसत नव्हतं, नुसती चमक. मग एका कडेला बुडबुडा फुटला. मग तळाशेजारची वाळू, दुधावर साय हलावी तशी हलली आणि सरकत सरकत आत आली. वरची तांबड्या मातीची भिंत होती तशीच उभी होती. तिच्या पायाखालून, खालच्या खाली, वाळू वाहत होती. कोणाचा हात न लागता खड्डा आमच्या डोळ्यांदेखत भरत होता.

बायका उठून उभ्या राहिल्या.

"हो तुमचो चोर, यशोदाबाय," भाई म्हणाले. "खाडी."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. भरतीचं पाणी जमिनीखालून आत शिरतं आणि वाळूला खड्ड्यात ढकलतं; परवा रात्रीच्या भरतीतही हेच झालं होतं. झाप, फळ्या, दगड जागच्या जागी होते. खोडी करणारा माणूस इतकं नीट झाकून जात नाही. ज्याला खड्डा बुजवायचा तो शेजारचा मातीचा ढीग आत लोटेल, समुद्रावरून वाळू का आणेल? आणलीच, तर वाटेत चार मुठी सांडतील. सांडली नव्हती, आणि गाडी तर चार दिवस जुंपलेलीच नव्हती. शिवाय ती वाळू समुद्राची नव्हतीच. पुळणीवर तिसऱ्यांची कवचं सुटी सुटी पडतात. ही मिटलेली, चिखलाने भरलेली. म्हणजे ती जिथे जगली तिथेच गाडली गेली.

"आमच्या ह्या जागेत तिसऱ्यो जगत होत्यो?" सासूबाईंनी विचारलं.

उत्तर कुंपणापलीकडून आलं.

"मी काढलेलंय," आबा म्हणाले. "ह्या माडांच्या जाग्यार. माझी आवस माका घेवन येय सुकतीच्या वेळाक. गुडघाभर चिखल. काशीराम तेव्हा जन्माकही येवक नव्हतो. मगे बांध घातल्यानी, वर तांबडी माती टाकल्यानी आणि माड लावल्यानी. काशीराम मोठो होयसर कोणाक आठवणसुद्धा उरली नाय."

सासूबाई उठल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. इतक्या वर्षांत त्या दिरांशी थेट बोलल्या नव्हत्या.

"मगे सांगलात कित्याक नाय?"

"सांगलंय मा. घर उभा रवाचा नाय म्हटलंय."

"तसा सांगतत?" त्यांचा आवाज फुटला. "तसा सांगतत कोणाक?"

आबांनी काठीवरचा हात बदलला. "वाटणीनंतर काशीराम माझा काय आयकून घेय नाय. मी तोंड उघडलंय की तो उठान जाय. मगे जाता जाता जितका बोलूक गावला तितकाच बोललंय. तो गेलो, आणि माका तीच सवय लागली."

गुरुदास टोपी घालून निघायच्या बेतात होते. भाईंनी त्यांना थांबवलं.

"तुमका ठावक होता," ते म्हणाले.

"माका कसा ठावक असात?"

"सगळी घरां बांधतास तेचे चिरे जाग्यारच उतरवतास. हय जाग्यापर्यंत गाडीची वाट आसा, तरी चिरे वर कातळार कित्याक? वजन जमिनीत रुततला म्हणान. खड्डो सकाळी नको, दुपारनंतर व्हयो, कित्याक? पुनवेच्या दिसांत दुपारनंतर पाणी उतरता, सांजेक तळ घट्ट दिसता. आणि ता कलम. जामसंड्यातले तुमचे बरेच करार माझ्या हाताखालून गेले. त्यातल्या एकातही ता नाय."

गुरुदासांचा चेहरा उतरला. पण ते पळाले नाहीत, हे मला आजही त्यांच्या बाजूने सांगावंसं वाटतं. ते म्हणाले, "मी काय लपवलंय? कागदार लिवलेला होता."

"लिवलेला होता," भाई म्हणाले. "म्हणान तर सही करूच्या आधी दाखवूचा असता."

सासूबाई गुरुदासांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "तुमी हाडलेलो खाजो मी देवाफुडे ठेवलेलंय." एवढंच. गुरुदासांची मान खाली गेली. शिवी त्यांना सोसली असती.

७

जमलेली मंडळी पांगली तरी आबा कुंपणाशीच होते. मी त्यांच्याजवळ गेले. "आबा, घरात येवा. च्या घेवा."

"नको."

"आई सांगता."

सासूबाईंनी तसं सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ते ऐकलं आणि नाकारलं नाही. आबा आत आले. ओटीवर बसले. चहा पिऊन झाल्यावर कप उपडा ठेवत म्हणाले, "वरचो कातळ माझ्या वाटणीत आसा. जांभळाखालचो. थंय बांधा. माका पोरबाळ नाय. मी तेचा काय करतलंय?"

सासूबाई उठून चुलीकडे गेल्या. मग म्हणाल्या, "भावजी, बांगड्याचा कालवण केलंय. जेवान जावा."

नवीन करार भाईंनी लिहिला. ओव्हरसियर येऊन कातळ बघून गेले, पाया, जोतं आणि छप्पर अशा टप्प्यांवर पुन्हा येऊन काम तपासायचं ठरलं. आबांनी जागा आधी रीतसर सत्यवानांच्या नावावर करून दिली. ती गोष्टही भाईंनी सहीआधी करून घेतली. आणि कंत्राटदार? तेच, गुरुदास. मी रागावले होते, पण भाई म्हणाले, "हात बरो आसा तेचो. कागद बरो केलो की माणूसही बरो रवता, निदान काम संपासर." गुरुदासांनी पुन्हा कधी खाजा आणला नाही, पण चिरा न् चिरा स्वतः ठोकून पाहिला. रोज सकाळी आबा काठी घेऊन तिथे यायचे आणि गवंड्यांना हैराण करायचे. दिवसभर त्यांचं तोंड बंद नसायचं. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं ते कधी दगडाशी, कधी माणसाशी बोलत होते.

यजमान आले ते पुढच्या वर्षी, मुंबईहून देवगडला येणाऱ्या आगबोटीने. आगबोटीचा भोंगा आमच्या गावापर्यंत ऐकू येत नसे, तरी त्या दिवशी मला तो ऐकू आल्यासारखा वाटत होता. पत्रातून सगळं कळवलं होतं, पण पत्र त्यांच्या बोटीमागून बंदराबंदरांतून फिरत राहिलं आणि त्यांना मिळालंच नव्हतं. त्यामुळे ते सरळ खाडीकडच्या जागेवर गेले. मी वरून पडवीतून बघत होते. पाठीवर पेटी, हातात पिशवी, आणि समोर नुसते माड. घर नाही, पाया नाही, चिरा नाही. ते पेटी खाली ठेवून उभे राहिले. हाक मारायला मी पुढे झाले.

हाक आबांनी मारली.

"सत्या! रे सत्या! हय, वर!"

यजमानांनी वर पाहिलं. लहानपणापासून ज्या काकाने त्यांना नावाने हाक मारली नव्हती, तो नव्या घराच्या पायरीवरून हात हलवत होता. त्याच्यामागे पडवीत सासूबाई पाय सोडून बसल्या होत्या. यजमान निघाले, मग पळायलाच लागले. पेटी खालीच राहिली. ती आणायला नंतर आबाच गेले, कोणाला हात लावू न देता.